तीनशे बाविसावी आवृत्ती

मंगळवारी चौकशी समितीपुढे उभं राहून मी सांगितलं, की वहीचा इतिहास खोटं बोलत नाही. एवढं कुणी विचारलंही नव्हतं. पानावर कोणत्या दिवशी काय लिहिलेलं होतं ते नक्की कळतं का, इतकाच प्रश्न होता. 'हो' म्हणून खाली बसलो असतो तर भागलं असतं. पण स्वतःच्या कामाबद्दल बोलायची संधी मिळाली की मला चेव येतो, आणि समोर पाच माणसं गंभीर चेहऱ्यानं ऐकतायत म्हटल्यावर तर विचारूच नका. त्या पाचांच्या समोरच्या खुर्चीत, जिच्यावर आरोप होता ती, माझी सख्खी थोरली बहीण बसली होती.

आमची कंपनी लोकांचा माल गोठवून ठेवते. मोठमोठी गोदामं आहेत आणि ती थंड ठेवायला अमोनिया वायू वापरतात. तो नाकात गेला तर माणूस गुदमरतो, डोळ्यांत गेला तर डोळे जातात. म्हणून यंत्रघरातलं प्रत्येक काम कसं करायचं याचं एकेक पान लिहून ठेवलंय. ही पानं संगणकावरच्या विकीत असतात. विकी हा शब्द कुणाच्या तोंडी बसला नाही, सगळे तिला वहीच म्हणतात. यंत्रघराची पानं ताई लिहिते आणि सगळी पानं साठवणारी यंत्रणा मी सांभाळतो.

वहीतलं पान बदललं तरी जुना मजकूर पुसला जात नाही. प्रत्येक वेळी सेव्ह केलं की नवी आवृत्ती तयार होते. तिला नंबर मिळतो, शेजारी वेळ आणि नाव लागतं. ताईचा हात या बाबतीत फार सढळ. सकाळी एक शब्द घालून सेव्ह करणार, चहा पिऊन आली की तोच शब्द काढून पुन्हा सेव्ह. अमोनियाच्या टाकीत साचलेलं तेल कसं काढायचं, या एकाच पानाच्या तिनं तीनशे बावीस आवृत्त्या केल्या होत्या. त्यावरून मी तिला जाता-येता टोमणे मारायचो.

तिचा एक नियम होता. काम करताना पान उघडायचं, एकेक ओळ मोठ्यानं वाचायची आणि तसंच करायचं. डोक्यावर भरवसा ठेवायचा नाही. भिंतीवर चिकटवलेले कागदसुद्धा तिनं काढून टाकले होते, कारण कागद जुने होतात आणि कुणी बदलत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी यंत्रघरातला पैलवान तेल काढायला गेला, तीन महिन्यांत पहिल्यांदाच. अंगानं काडी आहे म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणतात. पानावर लिहिलेलं होतं: आधी सात नंबरचा व्हॉल्व्ह बंद करा, मग चार नंबरचा उघडा. हा जुना क्रम. गेल्या वर्षी पाइप बदलले तेव्हापासून तो उलटा झाला होता, आधी चार बंद आणि मग सात उघडा. पैलवानाला नवा क्रम तोंडपाठ होता. तरी त्यानं पान वाचलं आणि पानाप्रमाणे केलं. अमोनियाचा झोत थेट त्याच्या तोंडावर आला.

"मला वाटलं चार," इस्पितळात डोळ्यांवर पट्ट्या घेऊन तो म्हणाला होता. "पण वहीत सात होतं. म्हटलं, पाइप परत बदलले असतील, आपल्याला कोण सांगतंय."

त्याचा उजवा डोळा गेला. डाव्याबद्दल डॉक्टर काही बोलत नव्हते.

समितीनं वहीचा इतिहास मागवला. तीनशे एकविसाव्या आवृत्तीत क्रम बरोबर होता. तीनशे बाविसाव्या, म्हणजे शेवटच्या आवृत्तीत चुकीचा, आणि शेजारी ताईचं नाव. असं कसं होईल, असं त्यांनी मला विचारलं आणि मी खुलासा केला. जुनी आवृत्ती नुसती बघायला उघडायची आणि चुकून सेव्ह दाबायचं, की जुनंच पान नवं होऊन बसतं. वही वापरणाऱ्यांकडून ही चूक होते. तीनशे बाविसावी आणि फार जुनी एकशे अठरावी आवृत्ती मी शेजारी-शेजारी छापून आणल्या होत्या. अक्षर न् अक्षर सारखं होतं.

ताई त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"असंच झालं असेल," ती म्हणाली.

शुक्रवारी चार वाजता निकाल होता. तिची नोकरी जाणार हे उघडच होतं. त्याच्यापुढे पोलिसांत तक्रार होती, निष्काळजीपणानं माणूस जायबंदी केल्याची. खटला उभा राहिला असता तर तुरुंगही चुकला नसता. मी तीन रात्री नीट झोपलो नाही, पण मनातून मला तिचाच राग येत होता. इतक्या वेळा सेव्ह कशाला करायचं, हेच डोक्यात घोळत होतं.

शुक्रवारी सकाळी आमच्या विभागाच्या साहेबांनी मला एक कागद तयार करायला सांगितलं. वहीच्या साठवणीत कुणी हात घातलेला नाही, असं प्रमाणपत्र समितीला हवं होतं. काम पाच मिनिटांचं. आवृत्ती सेव्ह होते तेव्हाच यंत्रणा तिच्या मजकुरावरून चाळीस अक्षरांची एक रांग काढून वेगळी ठेवते. तिला हॅश म्हणतात, मी ठसा म्हणतो. मजकुरातला एक ठिपका हलला तरी सबंध ठसा बदलतो. ठशावरून मजकूर मात्र परत काढता येत नाही, पिठावरून दाणे करता येत नाहीत तसंच. सगळ्या आवृत्त्यांचे ठसे नव्यानं काढायचे, जुन्यांशी ताडून बघायचे आणि सगळे जुळले की सही ठोकायची.

मी तपासणी सुरू केली आणि चहा आणायला गेलो. परत आलो तर खाली एक ओळ होती. न जुळलेले ठसे, अकरा.

पुन्हा चालवली. पुन्हा अकराच. अकरांत एक तीनशे बाविसावी होती.

याचा अर्थ सरळ होता. ताईनं सेव्ह केला तो मजकूर हा नव्हता. नंतर कुणीतरी मागच्या दारानं आत शिरून बदलला होता. साठवणीच्या किल्ल्या दोघांकडेच होत्या, एक मी आणि दुसरे साहेब. साहेब काचेपलीकडे, माझ्यापासून दहा पावलांवर बसले होते. कशाला केलं असेल त्यांनी? मी वळून बघितलं, तर ते माझ्याकडेच बघत होते.

"झालं का प्रमाणपत्र?" त्यांनी दारातून विचारलं.

"होतंय," मी म्हणालो.

ते आत गेल्यावर मी एकशे अठराव्या आवृत्तीचा ठसा काढला आणि तीनशे बाविसावीच्या साठवलेल्या ठशाखाली ठेवला. खरोखर जुनंच पान चुकून सेव्ह झालं असतं, तर दोन्ही ठसे एकच असायला हवे होते. मंगळवारी हे बघायचं मला सुचलं नव्हतं. पहिली चार अक्षरं दोन्हीकडे तीच होती. पाचव्यापासून पुढे दोघांचा काडीचाही संबंध नव्हता.

चार अक्षरं. ठशाची पहिली चारच अक्षरं बघायचं कुणी ठरवलं होतं, ते जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, मला.

दोन महिन्यांपूर्वी वहीची डिस्क भरत आली होती. नवी मागितली, तर साहेब आज-उद्या करत राहिले. मग मी हुशारी केली. ताईसारखी माणसं शब्द घालतात, काढतात, त्यामुळे तोच मजकूर पुन्हा-पुन्हा साठतो. असे जुळे मजकूर शोधायचे, जुना ठेवायचा, नवा काढून टाकायचा आणि नव्या आवृत्तीला जुन्याकडे बोट दाखवायला लावायचं. जुळे ओळखायचे ठशावरून. सबंध चाळीस अक्षरं ताडायला वेळ लागत होता. पान एकच आहे, लांबीही तेवढीच आहे, मग पहिली चार अक्षरं जुळली की बस्स, असं मी ठरवलं. घरी जायची घाई होती. हजारो आवृत्त्यांत अकरा वेळा दोन निराळ्या मजकुरांची ती चार अक्षरं योगायोगानं सारखी निघाली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या शहाणपणानं दुसऱ्याचा डोळा गेला होता.

काढून टाकलेला मजकूर कुठेच उरला नव्हता. आम्ही तीस दिवसांच्या मागची प्रत ठेवत नाही, आणि हे होऊन साठ दिवस झाले होते.

आता जे सांगतो ते सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. सगळे ठसे आहे त्या मजकुरावरून नव्यानं लिहून टाकणारी एक आज्ञा आहे. ती चालवली की सगळे ठसे जुळतात आणि मागे काही राहत नाही. मी ती टाइप केली. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. बायको घरीच असते, आई आमच्याजवळ असते. तुरुंगात मी काय करीन, मला तर अंधाऱ्या जिन्यातसुद्धा भीती वाटते, असं काहीबाही मनात येत होतं. ताईनं चूक कबूल केलीच आहे, हेही मनात आलं. बोट एंटरवर होतं.

बाकीच्या दहा पानांनी मला थांबवलं, चांगुलपणानं नाही. ती यादी अजून पडद्यावरच होती. तिच्यात आग लागल्यावर बाहेर कसं पडायचं याचं पान होतं. मी ते उघडलं. पानावर मागच्या दाराचा रस्ता दाखवला होता, आणि ते दार विटांनी बुजवून वर्ष झालं होतं. गोदामात त्या घटकेला दोनशे माणसं होती. मी टाइप केलेली आज्ञा पुसली, सबंध वहीला कुलूप घातलं आणि वर सूचना लावली, की वही बंद आहे, काम थांबवा आणि इंजिनिअरला विचारा. दहांतलं एक पान ताईनं बुधवारीच नव्यानं लिहून नीट केलेलं दिसलं. मला नवल वाटलं, पण विचार करायला सवड नव्हती.

पाच मिनिटांत फोन वाजायला लागले. साहेब बाहेर आले.

"वही का बंद केलीस?"

"तपासणी चालू आहे. प्रमाणपत्राचीच."

"चारच्या आत आटप." ते माझ्या पडद्याकडे झुकले. मी पडद्यावरची यादी झाकली. त्यांना काही कळलं नाही.

तीन वाजता मी ताईच्या खोलीत गेलो. टेबलभर छापलेली पानं होती आणि ती हातात लाल पेन घेऊन एकेक वाचत होती. कडेला एक पत्र होतं, खाली तिची सही. 'जुनी आवृत्ती माझ्याकडून चुकून सेव्ह झाली. जबाबदारी सर्वस्वी माझी आहे.'

मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. डिस्क, चार अक्षरं, अकरा पानं. एंटरवर ठेवलेलं बोटही सांगितलं. ती मध्ये एकदाही 'काय सांगतोस' म्हणाली नाही.

"आणखी कुणाला बोललास?"

"नाही."

"मग बोलू नकोस." तिनं पेनाला टोपण घातलं. "हे बघ धाकट्या, ठसा जुळत नाही म्हणजे बिघाड झाला, एवढंच कळेल. मी काय लिहिलं होतं ते कळणार नाही. ते म्हणतील, हिनंही चुकीचंच लिहिलं असेल. मग दोघंही जाऊ. आईला एकाचं सांगायचंय, दोघांचं नको."

"तू काय लिहिलं होतंस ते सापडलं तर?"

"कसं सापडणार? गेलं म्हणालास ना?"

"मजकूर गेला, ठसा आहे. तीनशे एकवीस शाबूत आहे आणि तीनशे बावीसची लांबी नोंदलेली आहे. ती एका अक्षरानं कमी भरते. म्हणजे तू अगदी बारीक बदल केला होतास. काय केलंस ते आठव, मी तेवढं बदलून ठसा काढतो. जुळला तर तू सुटलीस. तूच तो मजकूर सेव्ह केला होतास, हे मग कुणीच नाकारू शकणार नाही."

"आणि तू अडकलास."

मलाही तीच भीती होती.

"मला नाही आठवत," ती म्हणाली. "दोन महिने झाले. एवढ्या वेळा सेव्ह करते, कुठलं लक्षात राहणार."

मी तिच्याच संगणकावर बसलो. एक अक्षर कमी, म्हणजे तिनं एखादं अक्षर काढलं असणार. तीनशे एकविसाव्या आवृत्तीतलं एकेक अक्षर गाळून प्रत्येक वेळी ठसा काढायला मशीनला लावलं. तीन हजारांच्या आत-बाहेर अक्षरं, क्षणभराचं काम. एकही जुळला नाही.

माझ्या जिवात जीव आला. बहिणीला सोडवायला बसलेला मी, आणि ती सुटत नाही म्हटल्यावर मला हायसं वाटलं. याची मला आजही लाज वाटते.

"झालं समाधान?" ताई म्हणाली. "जा आता. तोंड धू आणि साहेबांना कागद दे. बाकीची पानं तेवढी आजच्या आज नीट कर."

ती हे इतक्या चटकन बोलली, की मी तिच्याकडे बघितलं. लहानपणापासून बघतोय, ती खोटं बोलते तेव्हा माणसाकडे न बघता हातातल्या वस्तूकडे बघते. ती पेनाकडे बघत होती.

"तुला आठवतंय," मी म्हणालो.

"नाही रे."

"ताई."

"आठवत नाही म्हटलं ना." तिचा आवाज चढला. तो कधी चढत नाही.

घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. मी पुन्हा मशीनकडे वळलो. अक्षर गाळून जुळत नाही, म्हणजे तिनं शेजारची दोन अक्षरं काढून तिथं तिसरंच एक घातलं असेल. सगळ्या जागा, सगळी अक्षरं, सगळे आकडे. लाखांच्या घरात जातं, पण मशीनला मिनिट पुरे. मी आज्ञा लिहायला घेतली. ताई उठून माझ्यामागे आली आणि तिनं पंजा कीबोर्डवर पालथा ठेवला.

"धाकट्या, पुरे झालं. मी सही केली आहे."

मी तिचा हात उचलून बाजूला केला. एवढा हलका हात, पण उचलायला मला जोर लागला. मग एंटर दाबलं.

पडद्यावर आकडा वाढत गेला. त्या मिनिटात मी देवाला काय मागत होतो ते मला नीट सांगता येणार नाही. जुळू दे आणि जुळू नको, दोन्ही मागितलं. मग आकडा थांबला.

नववी ओळ. 'व्हॉल्व्ह बंद केल्यावर १० मिनिटं थांबा.' तिथल्या दहाच्या जागी आठ. चाळीसच्या चाळीस अक्षरं जुळली. त्याच्या वर चौथ्या ओळीत तिनं लिहिलेलं जसंच्या तसं होतं: आधी चार नंबरचा बंद करा, मग सात नंबरचा उघडा.

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं.

"आठ मिनिटं," मी म्हणालो.

"पैलवानानंच मागितली होती." ती माझ्यामागेच उभी होती. "म्हणाला, दहा मिनिटं त्या वासात उभं राहवत नाही, आठ पुरतात. मी इंजिनिअरला विचारलं आणि बदललं. त्या दिवशी तेवढंच केलं होतं."

"मग समितीत का नाही बोललीस?"

तिनं टेबलावरचं लाल पेन उचललं.

"ताई, तुला हे कधी आठवलं?"

"मंगळवारी," ती म्हणाली. "तू तो कागद माझ्यासमोर ठेवलास, त्यावर दहा होतं. माझ्या हातानं आठ केलेलं, आणि तुझ्या कागदावर दहा. मग गडबड कुठे झाली असणार, ते कळायला मला तुझा ठसा लागत नाही. तू किती खुशीत बोलत होतास." ती थांबली. "म्हणून तीन दिवस पानं वाचत बसले. माझी तेवढी तरी नीट असावीत. आगीचं पान माझं नव्हतं रे, ते माझ्या ध्यानातच आलं नाही."

मी तिच्याकडे वळून बघू शकलो नाही. मंगळवारपासून मी तिच्यावर चिडून होतो आणि ती मंगळवारपासून माझ्यासाठी तुरुंगात जायला निघाली होती. काल ती इस्पितळात जाऊन पैलवानाच्या बायकोची माफीसुद्धा मागून आली होती. त्या बाईनं तिला उभं केलं नाही, हे मला घरी आईकडून कळलं होतं.

मी ठसे छापले, दोन्ही आवृत्त्या छापल्या आणि माझ्या त्या चार अक्षरांच्या आज्ञेची नोंद छापली. तिच्यावर तारीख होती आणि माझं नाव होतं. कागद उचलताना ते खाली सांडले. ताईनं वाकून गोळा केले, पण माझ्या हातात देईना.

"अजून दहा मिनिटं आहेत," ती म्हणाली. "नीट विचार कर. मुलगी लहान आहे तुझी."

"दे इकडे."

"मी तुला काही म्हणणार नाही. कधीच म्हणणार नाही."

"माहीत आहे मला. दे."

तिनं कागद दिले आणि तोंड फिरवलं. मी तिचं सही केलेलं पत्र टेबलावरून घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि जिना चढायला लागलो. मागे तिची पावलं ऐकू आली. वर समितीचं दार बंद होतं आणि आत कुणीतरी हसत होतं. मी दारावर टकटक केली. हसण्यात ती आत ऐकू गेली नाही, म्हणून पुन्हा केली.